मागचं उजवं दार

१

सोमवारी दुपारी एक वाजून बावीस मिनिटांनी सुरत विमानतळावर उभ्या असलेल्या एका विमानाचं मागचं उजवं दार बाहेरून उघडलं गेलं आणि दारातली घसरगुंडी धाडकन फुगून बाहेर आली. आग लागली तर प्रवाशांनी खाली उतरावं म्हणून ही घसरगुंडी असते. आग कुठेच नव्हती. प्रवासीही बहुतेक उतरले होते. दारासमोर उंच केलेल्या गाडीवर मात्र जेवणाचे डबे चढवणारा दत्तू उभा होता. घसरगुंडीनं त्याला थेट खाली फेकलं. त्याचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला.

मी जयश्री बोरसे. सव्वीस वर्षं विमानात ट्रॉली ढकलली, आता सुरक्षा तपासनीस आहे. म्हणजे काहीतरी बिघडलं की मला पाठवतात, आणि मी काही सांगितलं की मला परत बोलावतात. यंदा वायुरथ ही आमची छोटी कंपनी सोनपंख या मोठ्या कंपनीत विलीन झाली. नव्या गणवेशाचा बदामी रंग ठरवायला समितीला दोन महिने लागले. एकमेकांच्या विमानांची दारं कशी हाताळायची याचं प्रशिक्षण नऊ दिवसांत उरकलं. हे मी तेव्हाच लिहून कळवलं होतं. उत्तर म्हणून मला बदामी कापडाचा नमुना आला.

नियम साधा आहे. दोन कंपन्यांचे कर्मचारी एका विमानात सरमिसळ करून पाठवायचे, तर प्रत्येकानं दुसऱ्या कंपनीच्या विमानाचं दार आधी स्वतःच्या हातानं हाताळलेलं हवं आणि परीक्षा पास झालेलं हवं. सोमवारचं विमान वायुरथचं होतं आणि सुरतेतलं हे सरमिसळीचं पहिलं उड्डाण. मागच्या बाजूला उजव्या दारावर वायुरथची मनीषा अहिरे, डाव्या दारावर सोनपंखचा योगेंद्र. दोघांकडे प्रमाणपत्रं होती. विमान थांबलं की घसरगुंडी सोडवून दार निर्धोक करायचं असतं; तोवर ते 'आर्म' असतं.

मंगळवारी सकाळी मी पोहोचले, तर सुरत तळाचे प्रमुख कुंदनभाई पाटील यांचा तपास पूर्णही झालेला होता. कुंदनभाई मूळचे शहाद्याचे, पण जन्म सुरतेतला. मराठी बोलता बोलता गुजरातीत कधी शिरतात ते त्यांनाही कळत नाही.

"मॅडम, केस एकदम क्लिअर छे," ते म्हणाले. "दार मनीषाचं. चूक मनीषाची. उद्या बाराला सुनावणी, तिला कमी करायचं. तुमची फक्त सही पाहिजे."

"आणि जबाब?"

त्यांनी दोन कागद सरकवले. मनीषानं लिहिलं होतं: दार निर्धोक करायचं काम योगेंद्रनं घेतलं, मी दाराला हात लावला नाही. योगेंद्रनं लिहिलं होतं: दार मनीषानं आधीच निर्धोक केलेलं होतं, मी डोळ्यांनी पाहिलं.

"यातलं एक खोटं आहे," मी म्हणाले.

"तेच तर! मुलगी खोटं बोलते," कुंदनभाई म्हणाले आणि सहीसाठी पेन पुढे केलं.

२

पेन मी घेतलं, पण सही केली नाही. रिक्षा केली आणि सुरतेतल्याच पर्वत पाटिया भागात गेले. मनीषाचं घर तिथे, साड्यांच्या गोदामांमागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. रिक्षावाल्यानं तीनदा चुकीच्या गल्लीत नेलं आणि तिन्ही वेळा रस्ता मलाच विचारला.

दार मनीषाच्या आईनं, मंगलाबाईंनी, उघडलं. खोलीत शिलाईचं यंत्र, आणि भिंतीला लावून कापडी थेल्यांचा ढीग. साडीच्या दुकानात गिऱ्हाइकाला देतात तसल्या. मंगलाबाई घरी बसून त्यांना पोपटी पट्ट्याचे बंद शिवतात. मनीषाचे वडील सुकदेव पलसाण्याला रंगाईच्या कारखान्यात, ते कामावर गेले होते.

"बठ ना बहीन," मंगलाबाई म्हणाल्या. "आठे लई गरम व्हस."

"अमळनेरनी शे मी. गरमीनी सवय शे," मी त्यांच्याच अहिराणीत म्हणाले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण जरा उतरला. शेगडीशेजारी एक ताट झाकून ठेवलेलं होतं. दुपारचे तीन वाजले होते. मला वाटलं, सुकदेवरावांचं असेल.

मनीषा तेवीस वर्षांची. या गल्लीतून विमानात गेलेली पहिली मुलगी. डोळे सुजलेले होते, पण बोलणं स्पष्ट होतं. "मॅडम, विमान थांबलं. दारं निर्धोक करायची घोषणा झाली. मी दाराला हात घालणार तेवढ्यात सव्वीसाव्या रांगेतल्या आजी उठता उठता कोसळल्या. मी योगेंद्रदादांना ओरडले, 'दादा, दार बघा हं!' ते म्हणाले, 'बघतो.' मी आजींकडे पळाले."

"'दार बघा हं'? जबाबदारी सोपवायचं ठरलेलं वाक्य काय आहे?"

ती खाली बघत म्हणाली, "मागचं उजवं दार अजून आर्म आहे, तुम्ही ताबा घ्या."

"हे म्हणालीस का?"

"नाही."

माझं डोकं सणकलं. बावीस वर्षं मी हे वाक्य पोरींच्या डोक्यात ठोकतेय, आणि ऐन वेळी प्रत्येक जण शेजारणीला दूध उतू जातंय का बघ म्हटल्यासारखं 'बघा हं' म्हणतो.

"नंतर दाराजवळ गेलीस?"

"एकदा. आजींसाठी पाणी आणायला. पण दाराकडे पाहिलंच नाही. दादांनी बघतो म्हटलं होतं ना."

म्हणजे दाराशी पुन्हा काही करायची, कुंदनभाईंना हवी ती संधी तिला होती, हे तिनं स्वतःच कबूल केलं. मी शेवटचं विचारलं, "प्रशिक्षणात काही कमी राहिलं होतं का? तुझं किंवा योगेंद्रचं?"

शिलाईचं यंत्र थांबलं. मनीषानं आईकडे पाहिलं आणि घाईघाईनं म्हणाली, "नाही. सगळं नीट झालं."

सगळ्या प्रश्नांना सरळ उत्तर देणारी मुलगी त्या एकाच प्रश्नाला खोटं बोलली.

३

योगेंद्र कंपनीच्या विश्रांतिगृहात भेटला. अमरावतीचा, पस्तिशीचा, इस्त्रीचा सदरा. बारा वर्षांच्या नोकरीत त्याच्या नावावर एक शेरा नाही. हातात किल्ल्यांचा जुडगा, आणि त्याला अडकवलेली ती लाल फीत. सोनपंखच्या निम्म्या लोकांकडे ही असते. त्यांच्या विमानांत दार निर्धोक केलं की दारात एक खीळ बसवतात आणि खिळीला लाल फीत लोंबत राहते. जुन्या झालेल्या फिती लोक किल्ल्यांना लावतात आणि मिरवतात.

"मी दार पाहिलं. निर्धोक होतं," तो म्हणाला.

"कुठून पाहिलंत?"

"माझ्या दारापासून. समोरच तर आहे, चार पावलांवर."

वायुरथच्या विमानांत दार निर्धोक आहे का ते खाली वाकून बघायचं असतं. दाराच्या तळाशी एक दांडा असतो. तो जमिनीवरच्या खोबणीत अडकवला की दार आर्म झालं, म्हणजे उघडताच घसरगुंडी फुगणार. शिवाय कुणाच्याही लक्षात यावं म्हणून दार आर्म असेपर्यंत खिडकीच्या काचेवर एक पट्टा तिरका ओढून ठेवतात. दांडा सोडवला की पट्टा काचेवरून काढून वर सरळ लावायचा.

"वाकून दांडा पाहिलात?"

त्यानं किल्ल्या दुसऱ्या हातात घेतल्या. मग म्हणाला, "मध्ये डब्यांची ट्रॉली होती. पण काचेवर पाहिलं ना मॅडम. लाल दिसलं, मी समजलो झालं काम. तेवढ्यात बाहेरून टकटक झाली, मी ट्रॉलीवरून हात लांबवून काचेतून अंगठा दाखवला आणि पुढच्या कामाला लागलो."

"अंगठा तुम्ही दाखवलात? मनीषानं नाही?"

"मी सोता दाखवला!" चिडल्यावर त्याचं अमरावती बाहेर आलं. "बारा वर्षांत मी खोटं बोललो नाही. तिनं दार केलेलं होतं. माह्या अंगठ्यानंतर तिनं पुन्हा काय केलं, ते तिले विचारा."

मी वहीत सगळं लिहून घेतलं. चिडलेल्या माणसाचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवायची मला सवय आहे, पुढे उपयोगी पडतात. बाहेर आल्यावर कुंदनभाईंचा फोन आला.

"मॅडम, सही?"

"अजून नाही."

"उद्या संध्याकाळी सरमिसळीची तीन विमानं आहेत. दिल्लीचे मुख्य ऑफिसवाले विचारतात, दोषी कोण ते सांगा, म्हणजे बाकीची उडवू."

म्हणजे मुलीची नोकरी एवढ्यावरच हे थांबणार नव्हतं. त्या तीन विमानांत अशीच दोन कंपन्यांची माणसं समोरासमोरच्या दारांवर उभी राहणार होती.

४

दत्तूला इस्पितळात प्लास्टरमध्ये पाहिलं. परभणीकडचा, बायको उशाशी बसलेली. पहिलं वाक्य त्यानं माझ्यावरच टाकलं.

"बाई, माझी चूक न्हाई. अंगठा दिसला की उघडायचं, आसंच शिकिवलंय."

"तुमची चूक म्हणतंय कोण?"

"ते कुंदनभाईंचा माणूस आलता. म्हणला, टकटक नीट केली का."

मी मनातल्या मनात कुंदनभाईंना एक शिवी दिली. मग विचारलं, "अंगठा दिसला आणि तुम्ही किती वेळानं दाराची बाहेरची मूठ फिरवली?"

"येळ कुठला? अंगठा दिसला, म्या फिरिवली. धा आकडं मोजस्तोवर न्हाई."

"काचेतून अजून काय दिसलं?"

"काच कुठं सगळी दिसत हुती? लाल पट्टा तिरका आलेला. त्येच्या वरच्या अंगाला अंगठा हुता."

मी वही खाली ठेवली. "पुन्हा सांगा. अंगठा आणि पट्टा एकाच वेळी दिसले?"

"एकाच येळी. पट्ट्यामुळं तोंड दिसलं न्हाई, निस्ता अंगठा दिसला."

म्हणजे योगेंद्रनं अंगठा दाखवला त्या क्षणी पट्टा काचेवर तिरका होता. दार तेव्हाही आर्म होतं. मनीषानं नंतर येऊन काही करायला दहा आकडे मोजण्याइतकाही वेळ नव्हता. कुंदनभाईंचा पानभर अहवाल त्या खाटेशी संपला.

पण मग योगेंद्र? खोटं बोलणारा माणूस 'अंगठा मीच दाखवला' हे कशाला सांगेल? मनीषावर ढकलायचं असतं तर तेही ढकललं असतं. त्यानं तिरका पट्टा दोन हातांवरून पाहिला, अंगठा दाखवला, आणि अजूनही त्याला आपण बरोबर होतो असंच वाटत होतं. या पट्ट्याची परीक्षा तो तीन आठवड्यांपूर्वी शंभरपैकी शंभर गुण मिळवून पास झाला होता.

५

प्रशिक्षण केंद्र पलसाण्याच्या रस्त्यावर एका जुन्या साड्यांच्या गोदामात आहे. विमानतळापासून इतकं लांब का, तर समितीला माहीत. आत विमानाच्या मागच्या भागाचा लाकडी-लोखंडी सांगाडा, त्याला दोन दारं. बाहेर प्रशिक्षक वैभवची मोटारसायकल उभी होती, मागच्या कॅरिअरवर नियमपुस्तकांचा गठ्ठा पोपटी पट्ट्यानं करकचून बांधलेला.

वैभव चाळीसचा, गोड बोलणारा. "मॅडम, टेन्शन नका घेऊ. बत्तीस जण शिकवले, बत्तीस पास. योगेंद्र तर सगळ्यात हुशार. डोळे मिटून दार करायचा."

"डोळे उघडून केलं असतं तर बरं झालं असतं," मी म्हणाले आणि सांगाड्यात शिरले.

उजव्या दाराच्या काचेवर लाल पट्टा होता. कोरा करकरीत. कारखान्यातून घडी होऊन आलेल्या वस्तूला असतात तशा त्याच्यावर चौकोनी घड्या उमटलेल्या होत्या. बत्तीस माणसांनी नऊ दिवस ओढलेला पट्टा म्हणे हा.

"पट्टा नवा आहे?"

"नाही हो. पहिल्यापासून हाच."

मी पट्टा आकड्यातून सोडवला. आकड्याचा लोखंडी काठ घासून गुळगुळीत झाला होता आणि त्याच्या फटीत धाग्यांचा गुंता अडकला होता. चिमटीत धरून बाहेर ओढला. धागे पोपटी होते.

हा रंग आज मी दोनदा पाहिला होता. एकदा या दाराबाहेर आणि एकदा पर्वत पाटियाला.

"वैभव," मी शक्य तेवढं हळू म्हणाले, कारण ओरडले असते तर छप्पर उडालं असतं, "तुमच्या मोटारसायकलवरचा पट्टा सोडून आणा."

त्याचा चेहरा पडला. पट्टा घेऊन आला तेव्हा तो रडायच्या बेतात होता. "जुना लाल पट्टा एप्रिलमध्ये फाटला. दिल्लीला सहा पत्रं पाठवली. ते म्हणाले, विलीनीकरण चालू आहे, खरेदी बंद. इकडे कुंदनभाई रोज तारीख विचारायचे, म्हणायचे, मिळेल त्या सामानावर उरक, माझी मंजुरी आहे. म्हटलं, पट्टा काय, पट्टा असतो. घेतला शिवून. अपघात झाला आणि घाबरलो, विमानतळावरच्या भांडारातून विमानासाठी राखून ठेवलेला लाल न विचारता आणला. पोपटी टाकवेना, इतका मजबूत."

"शिवला कुणी?"

त्यानं पट्टा माझ्या हातात दिला. नाव सांगायची गरज नव्हती.

६

संध्याकाळी मनीषाला गल्लीच्या तोंडाशी रसाच्या गाड्यापाशी बोलावलं. पट्टा पिशवीतून काढला. तो बघताच ती खुर्चीत खचली.

"आईला यात ओढू नका मॅडम," ती म्हणाली. "वैभवसरांनी विचारलं, तुझी आई शिवते ना? मी म्हटलं, सर, खऱ्या विमानात लाल असतो. ते म्हणाले, चालशे. आईकडे मजबूत फक्त हाच होता, थेल्यांचा. मीच माप दिलं. तिनं चौपदरी शिवून दिला. विमानाचं काम म्हणून शेजारणींना दाखवून आली."

"हे सुनावणीत सांगितलंस तर तू सुटशील."

"आणि कुंदनभाई आईचं नाव लिहितील. विमान कंपनीचं सामान घरी बसून बनवलं म्हणतील. पोलीस आले तर ती मरेल हो. माझं जाऊ दे. मी साडीच्या दुकानात लागेन."

मला तिचा इतका राग आला की काय सांगू. आणि वैभवचा, आणि सहा पत्रांना उत्तर न देणाऱ्या दिल्लीचा, आणि बदामी रंगाच्या त्या समितीचा. तेवीस वर्षांची पोर आपली नोकरी टाकायला निघाली होती, कारण मोठ्या माणसांपैकी एकालाही एक लाल पट्टा विकत आणता आला नव्हता.

"उद्या बाराला पलसाण्याला ये," मी म्हणाले. "तोंड बंद ठेव. बोलायचं काम माझं."

"पण मॅडम, पट्टा पोपटी असला म्हणून काय झालं? योगेंद्रदादा शिकले तर खरे. तिरका म्हणजे धोका, हे त्यांना पाठ होतं."

"तेच उद्या बघायचंय," मी म्हणाले. मला उत्तर माहीत होतं. ते कुंदनभाईंना पटेल का, एवढंच माहीत नव्हतं.

७

बुधवारी बारा वाजता सगळे गोदामात जमले. कुंदनभाई, वैभव, योगेंद्र, मनीषा. कुंदनभाईंनी पेनही आणलं होतं.

मी उजव्या दारावर लाल पट्टा तिरका ओढला, दांडा खोबणीत अडकवला आणि त्याच्यासमोर एक ट्रॉली उभी केली. योगेंद्रला डाव्या दारापाशी उभं केलं. मग वैभवला सांगितलं होतं तसा त्यानं घंटा वाजवली, भोंग्यावर घोषणा लावली, आणि मी ओरडले, "आजी पडल्या! दार बघा हं!"

योगेंद्रनं मान वळवली. अर्ध्या सेकंदात अंगठा वर केला.

मी विचारलं, "काय दिसलं?"

"लाल."

"म्हणून?"

"म्हणून निर्धोक…" तो बोलता बोलता थांबला. अंगठा अजून वरच होता. त्यानं तो दुसऱ्या हातानं धरून खाली घेतला.

मी त्याला सावरायला वेळ दिला. मग लाल पट्टा काढला, पोपटी तसाच तिरका लावला आणि पुन्हा घंटा, पुन्हा आरडाओरडा.

"थांबा! आर्म आहे!" योगेंद्र ताबडतोब ओरडला.

"हे बघा कुंदनभाई," मी म्हणाले. "हा माणूस बारा वर्षं सोनपंखच्या दारात लाल फीत बघतोय. तिथे लाल दिसलं म्हणजे खीळ बसली, दार निर्धोक. त्याच्या किल्ल्यांनासुद्धा तीच फीत आहे. वायुरथच्या दारात लाल दिसलं म्हणजे नेमकं उलटं. ही जुनी खोड मोडायलाच तर प्रशिक्षण होतं. पण इथे त्याला लाल दाखवलंच नाही. त्याची खोड मोडायची वेळच आली नाही. तो शिकला ते एवढंच, की पोपटी म्हणजे धोका. सोमवारी विमानात पोपटी कुठे होतं?"

"पण दांडा—"

"त्यांच्या दारांना जमिनीवर दांडा नसतो. घाईत वाकायची त्याच्या कमरेला सवय नाही. जबाबात त्यानं मला सरळ सांगितलंय, लाल दिसलं, समजलो झालं काम. मी ते शब्द लिहून घेतले आणि संध्याकाळपर्यंत मलाही त्यांचा अर्थ लागला नाही. मनीषानं खरं सांगितलं. यानंही खरं सांगितलं. त्याला खरंच वाटलं की दार तिनं केलंय. दत्तूनं अंगठा आणि तिरका पट्टा एकाच वेळी पाहिलाय. मधल्या वेळात दाराला कुणी हात लावला नाही. दार विमान उतरल्यापासून आर्मच होतं."

योगेंद्र सांगाड्याच्या पायरीवर बसला होता. "माह्या अंगठ्यानं त्याचा हात मोडला," तो मनीषाला म्हणाला. "आन् मी तुह्यावर ढकललं. माफ कर."

"मी ते वाक्य म्हणाले असते तर तुम्ही वाकला असता," मनीषा म्हणाली. तिनं स्वतःला सोडलं नाही, ते मला आवडलं.

कुंदनभाईंना मात्र वेगळीच काळजी. "ठीक छे, मुलीला ठेवू. पण संध्याकाळची तीन विमानं?"

"बत्तीस जण या पोपटी पट्ट्यावर शिकलेत. त्यातले बारा आज संध्याकाळी उडणार होते. एकही सरमिसळीचं विमान उडणार नाही. सगळ्यांचं प्रशिक्षण पुन्हा, लाल पट्ट्यावर. हुकूम मी लिहिलाय, दिल्लीला गेलाय. आता तुमची सही पाहिजे." मी त्यांचंच पेन पुढे केलं.

त्यांनी सही केली. मग तपासाच्या अर्जातल्या एका रकान्यावर बोट ठेवलं. "इथे लिहायला लागेल. पट्टा बनवणाऱ्याचं नाव."

मी पेन परत घेतलं आणि लिहिलं: पट्टा मागवणारा प्रशिक्षक, मंजूर करणारा तळप्रमुख. बनवणाऱ्याचा अपघाताशी संबंध नाही. कुंदनभाईंनी 'मंजूर करणारा' वाचलं आणि अर्जाची फाइल बंद केली. पुढे त्या रकान्याबद्दल त्यांनी मला एकदाही विचारलं नाही.

चार वाजता मी मनीषाबरोबर पर्वत पाटियाला गेले. मला जायची काही गरज नव्हती, पण ते झाकलेलं ताट डोक्यातून जात नव्हतं. ते आजही शेगडीशेजारी तसंच होतं. यंत्र बंद, थेल्यांचा ढीग कालच्याएवढाच.

"आई, मी परत कामावर जातेय," मनीषा म्हणाली.

मंगलाबाईंनी मान हलवली. त्यांचं लक्ष माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या पोपटी पट्ट्याकडे होतं.

"बहीन, माले खरं सांग," त्या म्हणाल्या. "मना हातनी शिलाई उसवनी का? त्या पोरना हात मनामुये मोडना का?"

आम्ही सगळे रंग, दांडे, नियम आणि जबाब यांत बुडालो होतो. मनीषा आईला वाचवायला दोन दिवस गप्प बसली होती. आणि या बाईला वाटत होतं की आपण शिवलेला पट्टा खऱ्या विमानात लागला, तिथे टाका उसवला आणि माणूस खाली पडला. दोन दिवस त्यांनी अन्नाला हात लावला नव्हता, आणि त्यांना साधं एक वाक्य सांगायचं कुणाला सुचलं नव्हतं. मलासुद्धा नाही.

मी पट्टा काढला. एक टोक मनीषाच्या हातात दिलं, दुसरं मी धरलं आणि दोघींनी सगळ्या ताकदीनं ओढलं. माझ्या खांद्यातून कळ गेली. पट्टा जागचा हलला नाही.

"एक टाका नही उसवना मंगलाबाई," मी म्हणाले. "बत्तीस माणसांनी नऊ दिवस ओढला. विमानात हा गेलाच नव्हता. तुमचा काही दोष नाही."

त्यांनी पट्टा हातात घेतला, शिवण डोळ्यांजवळ नेऊन टोकापासून टोकापर्यंत बोटानं तपासली. मग तो बाजूला ठेवला, आणि ताटावरचं झाकण काढून गार भाकरीचा तुकडा मोडला.